गिनी पिग खात नाही, की त्याला खाता येत नाही?

मे महिन्यात नागपुरात कुणीच धड जेवत नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की माणसंही ताटावर बसून नुसतं ताक पिऊन उठतात. त्यामुळे पिंजऱ्यातल्या गिनी पिगने काकडी अर्धी टाकली तर घरचे म्हणतात, ऊन बाधलं असेल, कूलरजवळ ठेवा. कधी कधी ते खरंही असतं. २६-२७ अंशांपलीकडची गरमी या प्राण्याला सोसत नाही आणि आपला उन्हाळा तर त्याच्या जिवावरचाच. पण या अंदाजाआड एक दुखणं लपून राहतं, जे पावसाळा लागला तरी हटत नाही. प्राणी वाटीकडे धावत येतो, नेहमीची शीळ घालतो, तुकडा उचलतो, दोनदा तोंड हलवतो आणि टाकून देतो. आपण म्हणतो नखरे करतोय. भूक तर शाबूत असते, नाहीतर तो धावत आलाच नसता. त्याला चावता येत नसतं.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हा प्राणी बराच दिसू लागला आहे. भुंकत नाही, सोसायटीची हरकत नसते, मुलांच्या मांडीवर मावतो. त्याच्या आजारांची माहिती मात्र विकणारा देत नाही. युरोपात दवाखान्यात आलेल्या १००० पाळीव गिनी पिगच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत जास्त आढळलेला आजार दातांचा होता आणि तो तीनांत एकाहून जास्त प्राण्यांना होता. इतका नेहमीचा आजार घरात ओळखू येत नाही, कारण तो ज्या जागी होतो ती जागा आपल्याला दिसतच नाही.

## वीस दात, आणि सगळे वाढते

गिनी पिगच्या तोंडात २० दात असतात. पुढे वर दोन आणि खाली दोन असे चार पटाशीचे दात. मग सुळ्यांच्या जागी मोकळी फट. आणि त्यामागे, गालांच्या आत, वर-खाली दोन्ही बाजूंना चार-चार मिळून १६ दाढा.

हे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात. आपल्या दाताचं मूळ एका वयानंतर बंद होतं आणि वाढ थांबते. गिनी पिगचं मूळ उघडंच राहतं. उंदराचेही पटाशीचे दात आयुष्यभर वाढतात, पण त्याच्या दाढा वाढत नाहीत. गिनी पिगच्या दाढाही वाढतात, आणि सगळी भानगड तिथे आहे. पटाशीचे दात आठवड्याला एक ते दोन मिलिमीटर पुढे सरकतात. म्हणजे तितकेच ते रोजच्या रोज झिजायलाही हवेत.

ही झीज होते चघळण्याने. जात्याचं बघा. घास पडत राहिला आणि वरची तळी सरळ फिरत राहिली तर दोन्ही दगड सारखे झिजतात. खुंटा सैल झाला, तळी कलती फिरू लागली, तर एका बाजूचा दगड झिजतो आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा राहतो. गिनी पिगच्या दाढांचं असंच चालतं, फक्त इथे दगड रोज थोडा वाढतोही. गवताचं लांब, चिवट पातं दळायचं म्हणजे खालचा जबडा मागे-पुढे आणि थोडा तिरका, पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. त्या दळण्याने दाढा जागच्या जागी राहतात. काकडी, सफरचंद, भिजवलेली पोळी किंवा बिस्कीट दोनदा तोंड हलवलं की गिळून होतं. पोट भरतं आणि दाढा झिजायच्या राहून जातात.

आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या दाढा सपाट बसलेल्या नसतात, त्यांचा दळण्याचा पृष्ठभाग साधारण ३० अंशांनी कललेला असतो. त्यामुळे जास्त वाढल्या की खालच्या दाढा आत, जिभेकडे झुकतात आणि वरच्या बाहेर, गालाकडे. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा वाढत वाढत जिभेवर एकमेकींना भेटल्या की जीभ त्या कमानीखाली अडकते. मग तोंडात घास असला तरी तो मागे ढकलता येत नाही. वरच्या दाढांच्या टोकदार कडा गालाला आतून कापतात. दात असे एकमेकांवर नीट न बसण्याला डॉक्टर ‘मॅलोक्लूजन’ म्हणतात. फायलीवर हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ इतकाच.

## पण पुढचे दात तर छान दिसतात!

दिसतील. गिनी पिगचे ओठ वर करून पाहिले की चार पांढरे दात दिसतात आणि आपलं समाधान होतं. १६ दाढा मात्र अरुंद तोंडात, गालांच्या घड्यांमागे असतात. शिवाय त्यात बहुतेक वेळा चघळलेला चोथा भरलेला असतो.

पुढच्या दातांवरून मागचा अंदाज थोडा येतो, पण तो वाचता यायला हवा. खालचे पटाशीचे दात वरच्यांपेक्षा लांब असणं नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. कड तिरकी झाली असेल, म्हणजे दात एका बाजूला उतार काढून झिजले असतील, तर प्राणी एकाच बाजूने चावतोय हे समजायचं, आणि तसं करायला त्याच्याकडे कारण असतं. पुढचे दात खूप लांबले असतील तरी गिनी पिगमध्ये बहुतेकदा मूळ दोष दाढांचाच असतो. दाढांमुळे तोंड मिटत नाही, म्हणून पुढचे दात झिजत नाहीत. नुसते पुढचे कापून आणणं ही वरवरची मलमपट्टी झाली, महिन्याभरात पुन्हा तेच.

पडून एखादा पुढचा दात तुटला तर गोष्ट वेगळी. मुळाला धक्का नसेल तर तो काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. तोवर खाणं बारीक चिरून द्यायचं आणि समोरचा दात वाढून टोचत नाही ना हे डॉक्टरांना दाखवायचं.

बाजारात मिळणारे लाकडाचे तुकडे आणि चावायचे दगड याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. प्राण्याचा वेळ जातो, पटाशीचे दात थोडे घासतात. दाढांपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. कडक गोळ्यांच्या खाद्याचंही तेच. दोन दाबांत त्याचा चुरा होतो.

## संत्र्यांच्या गावात व्हिटॅमिन सी कमी कसं पडेल?

दाढा बिघडण्यामागे गवताइतकंच मोठं कारण व्हिटॅमिन सीचं आहे. बहुतेक प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. गिनी पिगला आणि माणसाला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारं एक विकर दोघांकडेही नसतं. दाताला जबड्यात धरून ठेवणारे तंतू कोलॅजेनचे असतात आणि कोलॅजेन घडायला हे जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही तर दोन-तीन आठवड्यांत लक्षणं दिसू लागतात. हिरड्यांतून रक्त, सांधे दुखणं, हलणारे दात. हलणारी दाढ जागेवरून सरकते आणि मग वाकडी झिजते.

हे कळलंही गिनी पिगमुळेच. १९०७ मध्ये नॉर्वेत अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश यांनी खलाशांच्या एका वेगळ्याच आजाराचा माग काढताना गिनी पिगना नुसतं धान्य खाऊ घातलं, आणि त्यांना झाला स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या अभावाने होणारा आजार. आज दुकानात रंगीत पुडीत मिळणारं ‘मिक्स’, म्हणजे मका, गहू, सूर्यफुलाच्या बिया, हे त्या प्रयोगातल्या आहारापासून फार लांब नाही. सशाच्या गोळ्या चालतील असं दुकानदार सांगतो, पण ससा व्हिटॅमिन सी स्वतः तयार करतो, त्यामुळे त्याच्या खाद्यात ते घातलेलं नसतं. गिनी पिगच्या खाद्यात असतं तेही साठवणीत उडून जातं. पाकीट तयार झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत संपेल एवढंच घ्यावं आणि तारीख बघून घ्यावं.

तंदुरुस्त गिनी पिगला वजनाच्या किलोमागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. आजारी किंवा गाभण असेल तर वरच्या टोकाचं. आता संत्र्याचा हिशेब. १०० ग्रॅम संत्र्यात सुमारे ५० मिलिग्रॅम, म्हणजे एका फोडीत पाच-सहा. गरज भागवायला चार-पाच फोडी रोज द्याव्या लागतील, आणि तेवढी साखर व आंबटपणा त्याच्या पोटाला आणि ओठांच्या कडांना मानवत नाही. आठवड्यातून एखादी फोड कौतुकाने द्या. खरं काम शिमला मिरची करते. १०० ग्रॅम हिरव्या मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम, लाल मिरचीत त्याहून जास्त आणि साखर बेताची. पाव मिरची रोज दिली की बरंच झालं. पेरूत तर याहून जास्त असतं, पण गोड असल्याने एक लहान काप पुरे. आवळ्याची पातळ चकती काही खातात, काही तोंड फिरवतात. सांबार, म्हणजे कोथिंबीर, आवडीने खातात, तो रोजच्या पाल्यात असू द्या.

पाण्यात व्हिटॅमिन सीचे थेंब टाकण्याची पद्धत सोडून द्या. उजेडात ते टिकत नाही आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो. डॉक्टरांनी सांगितलं तर थेंब सिरिंजने थेट तोंडात द्यावेत. माणसांचं मल्टिव्हिटॅमिन सिरप देऊ नये, त्यातलं ए आणि डी अंगात साठतं.

## गवत आणायचं कुठून?

आहाराचा मोठा भाग, पाचातले चार वाटे तरी, गवत असायला हवं, दिवस-रात्र समोर. पुस्तकात लिहिलेलं ‘टिमोथी’ गवत थंड प्रदेशातलं आहे. ते ऑनलाइन मिळतं आणि महाग पडतं. परवडत असेल तर उत्तमच. नसेल तर नागपुरात अडायचं कारण नाही.

हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, गिनी पिगला चालतात आणि आवडतात. टेकडी गणपतीच्या बाहेर मिळणारी जुडी गंमत म्हणून ठीक आहे, रोजचं पोट तिच्यावर भरणार नाही. चाऱ्याच्या टालावरून गाईंसाठीचं हिरवं गवत आणून ते सावलीत वाळवता येतं. मोकळ्या प्लॉटवरून स्वतः कापणार असाल तर दोन गोष्टी बघा. गाजरगवत त्यात येता कामा नये, ते विषारी आहे. आणि जिथे तणनाशक मारतात किंवा कुत्री फिरतात तिथलं घेऊ नये. लसूणघास आणि बरसीम वाढत्या पिल्लांना आणि गाभण माद्यांना ठीक. मोठ्यांना रोज दिलं तर त्यातल्या कॅल्शियमने मूत्राशयात खडे होण्याची भीती असते. कुटार आणि कडबा नको. कडब्याची कडक टोकं तोंडात रुततात. तणीस खाली अंथरायला चालेल, पोषण त्यात फारसं नाही.

पावसाळ्यात गवताला बुरशी धरते. कुबट वास आला की ते फेकायचं, उन्हात घालून वापरायचं नाही. बुरशीचे कण त्यातच राहतात आणि फुप्फुसात जातात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गवत आणि व्हिटॅमिन सी दोन्ही व्यवस्थित देऊनही काही प्राण्यांच्या दाढा बिघडतात. जबड्याची ठेवण जन्मतःच वाकडी असू शकते, वय झालं की स्नायू सैल पडतात, एखादी जुनी इजा असते. त्यामुळे आजार झाला म्हणजे घरच्यांनी हयगयच केली, असं नाही.

## सगळ्यात आधी कळतं ते काट्यावर

भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांची एक सवय असते: दुखणं दाखवायचं नाही. लाळ गळू लागते, हनुवटी ओली राहते, तोवर दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. त्याच्या कितीतरी आधी वजन उतरतं. अंगावर भरपूर केस असल्यामुळे ते डोळ्यांना कळत नाही.

म्हणून गिनी पिग पाळणाऱ्या घरात स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा हवा. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, ठरावीक वेळी, प्लास्टिकच्या डब्यात बसवून वजन करायचं आणि तारखेसह लिहून ठेवायचं. मोठ्या गिनी पिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. खाल्ल्या-पिल्याने तीस-चाळीस ग्रॅम खाली-वर होतंच. पण सलग दोन आठवडे उतार दिसला, किंवा एक किलोच्या प्राण्याचे १०० ग्रॅम गेले, तर तो आजारी आहे असं धरून चाला, मग तो कितीही उड्या मारत असो.

वजनासोबत खाण्याची तऱ्हा बघा. आधी गवत सुटतं, मग कडक गोळ्या, मग गाजर. काकडी आणि कोवळा पाला मात्र चालू राहतो. हा क्रम फार बोलका आहे. घास तोंडातून पडणं, एकाच बाजूने चावणं, मान ताणून गिळणं, अर्धवट चावलेले ओले तुकडे वाटीत राहणं, हेही त्यातलंच. लेंड्या लहान आणि कमी होतात. एका डोळ्याला सतत पाणी येत असेल तर नुसते डोळ्यांचे थेंब घालत बसू नका. वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीजवळ असतात. वर वाढायला जागा मिळाली नाही की दाढ मुळाकडे सरकते आणि वरच्या जबड्यात ती डोळ्याला दाबते. खालच्या जबड्यात तेच झालं तर हनुवटीखाली हाडाच्या कडेला बारीक उंचवटे बोटाला लागतात. तिथे एक मोठी, घट्ट गाठ लागली तर ते गळू असण्याची शक्यता असते.

डोळा बाहेर आल्यासारखा दिसत असेल किंवा प्राण्याने दिवसभर काहीच खाल्लं नसेल, तर तो तातडीचा मामला. गिनी पिगचं आतडं सतत चालू राहावं लागतं. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, वायू धरतो, आणि जाड प्राण्यात यकृतावर चरबी चढते. उद्या बघू म्हणण्यात तो जातो.

## डॉक्टरांकडे काय होतं, काय व्हायला हवं

जनावरांचे बहुतेक दवाखाने कुत्री, मांजरी आणि गाई-म्हशींवर चालतात. यात डॉक्टरांचा दोष नाही, रोज समोर येणारे रुग्ण तेच असतात. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा: तुम्ही गिनी पिग बघता का? वायूची भूल देण्याची सोय आहे का? कवटीचा एक्स-रे काढता का? नागपुरात सेमिनरी हिल्सला १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा भाग आहे आणि त्याच्या आवारात जनावरांचं रुग्णालयही आहे. तिथेही आधी हेच प्रश्न विचारून जाणं बरं.

जागेपणी कान तपासायच्या दुर्बिणीने तोंडात पाहता येतं, पण दाढांचे बरेच दोष त्यात निसटतात. ‘वरून ठीक दिसतंय’ असं ऐकूनही वजन उतरतच असेल तर थांबू नका. पक्की तपासणी भूल देऊन, तोंड उघडं ठेवणारी लहान उपकरणं लावूनच होते. एक्स-रेत मुळं दिसतात, आणि पुढे काय हे बहुतेक वेळा मुळांवरच ठरतं. वाढलेला भाग फिरत्या बारीक यंत्राने घासून दाढांचा मूळ उतार परत आणायचा, हा उपचार. नुसती टोकं बोथट करून भागत नाही.

आजार लवकर पकडला आणि मुळं जागेवर असली तर एक-दोनदा घासून, गवतावर आणून प्राणी मार्गी लागू शकतो. मुळं सरकली असतील तर दर चार ते आठ आठवड्यांनी तेच करावं लागतं, कधी आयुष्यभर. हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवं, आणि त्यांनी नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. गळूचं तर आणखी अवघड. गिनी पिगचा पू दह्याच्या चक्क्याइतका घट्ट असतो, चीर देऊन वाहून जात नाही. पिशवीसकट काढावा लागतो आणि त्याच्या तळाशी असलेली दाढही काढावी लागू शकते.

## नेलकटरने पटकन होतं की!

होतं, आणि दात उभा चिरतो. चीर मुळापर्यंत गेली की आतली नस उघडी पडते, जंतू शिरतात आणि वर सांगितलेलं गळू तयार होतं. जबड्याचं हाड मोडल्याचीही उदाहरणं आहेत. दुकानदार करून देतो म्हणाला तरी करू देऊ नका, आणि दवाखान्यातही कुणी कात्री पुढे केली तर नम्रपणे नाही म्हणा. दात कापायचा नसतो, घासायचा असतो.

## भूल दिली आणि उठलाच नाही तर?

ही भीती खोटी नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले, भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के, सशांमध्ये १.३९ टक्के आणि गिनी पिगमध्ये ३.८ टक्के होतं. म्हणजे साधारण २६ मध्ये एक. यात आधीच खूप आजारी असलेले प्राणीही होते, पण आकडा मोठा आहे हे मान्य करायलाच हवं.

दुसऱ्या पारड्यात हे ठेवा की जीभ दाढांखाली अडकलेला प्राणी उपचाराशिवाय उपाशी मरतो, आणि ते सावकाश होतं. धोका कमी करता येतो. आधी एक-दोन दिवस सिरिंजने भरवून, अंगात पाणी भरून प्राण्याला सावरायचं. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि नंतर अंग गरम ठेवायचं. कूलरच्या झोतात तर मुळीच नाही. आणि ‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ ही कुत्र्याची सूचना गिनी पिगला लावायची नाही. त्याला उलटी होत नाही आणि रिकामं आतडं त्याला जास्त घातक. भुलीआधी थोडा वेळ खाणं काढून तोंडातला चोथा धुऊन घेतला की पुरतं. ही सूचना कुणी उलटी दिली तर विचारायला संकोच करू नका.

## मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू का?

नका आणू. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही निवडेन. अॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, तोंडाने द्यायचं पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं गिनी पिगला मारू शकतात. गवत पचवणारे त्याच्या आतड्यातले जंतू या औषधांनी मरतात, त्यांची जागा विष तयार करणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू घेतात आणि काही दिवसांत जुलाब होऊन प्राणी जातो. माणसाच्या दाढदुखीला सहज लिहून दिलं जाणारं अॅमॉक्सिसिलिन नेमकं यातलंच.

ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटाने मे १९४० मध्ये पेनिसिलिनची चाचणी उंदरांवर घेतली आणि औषध दिलेले उंदीर वाचले. गिनी पिगला ते विषारी ठरतं हे १९४३ मध्ये छापून आलं. चाचणीला त्या दिवशी पिंजऱ्यातून दुसरा प्राणी निघाला असता तर, हा प्रश्न औषधशास्त्राच्या वर्गात अजून विचारला जातो.

संसर्ग असेल तर एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा गटातली औषधं डॉक्टर वजनावरून ठरवून देतात. वेदनेसाठी बहुतेकदा मेलॉक्सिकॅम. दात घासल्यावर वेदनाशामक न देता घरी पाठवलं तर मागून घ्या, कारण दुखत असेल तोवर तो खाणार नाही. घरातलं पॅरासिटामॉल स्वतःच्या अंदाजाने द्यायचं नाही.

## बरा होईपर्यंत भरवायचं कसं

दाढा घासून झाल्या म्हणजे त्याच संध्याकाळी तो गवतावर तुटून पडेल असं नाही. चावायचे स्नायू दुखावलेले असतात. काही दिवस, कधी त्याहून जास्त, हाताने भरवावं लागतं.

गवतापासून केलेली तयार पावडर मिळाली तर सर्वांत सोपं. नाही मिळाली तर गिनी पिगच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरमधून अगदी गुळगुळीत करून घ्यायच्या. दिवसभरात वजनाच्या किलोमागे ५० ते ८० मिलीलिटर, चार-सहा वेळांत विभागून. दूध, वरणाचं पाणी, बिस्किटाचा लगदा यातलं काही नको; त्याच्या आतड्याला तंतू हवेत.

प्राण्याला उताणं धरायचं नाही. टॉवेलात गुंडाळून, पोट खाली ठेवून मांडीवर बसवायचं. एक मिलीलिटरची सिरिंज पटाशीच्या दातांमागच्या फटीतून बाजूने आत घालायची आणि अर्धा मिलीलिटर सोडून थांबायचं. त्याने चघळून गिळलं की पुढचा. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जातं. पहिल्या दिवशी तो थुंकेल, तुमच्या अंगावर हिरवे डाग पडतील. तिसऱ्या दिवशी बहुतेक जण सिरिंज बघून पुढे येतात. समोर गवत कायम असू द्या, आणि या काळात वजन रोज करा.

## जंगलात यांना कोण डॉक्टर असतो?

पाळीव गिनी पिग जंगलातला प्राणी नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी पाळीव केलं. त्याचे रानटी भाईबंद दिवसभर गवत दळतात, आणि ज्याचे दात बिघडतात तो लवकरच कुणाच्या तरी तोंडी जातो. पिंजऱ्यात शिकारी नसतो, म्हणून आजार पूर्ण वाढायला वेळ मिळतो.

खर्चाचा प्रश्न जास्त खरा आहे. भूल, एक्स-रे, औषधं आणि पुन्हा पुन्हा फेऱ्या, मिळून प्राण्याच्या किमतीच्या कित्येक पट होतात. ज्यांना ते झेपत नाही त्यांना दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही कुणाला आहे. पण मग डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. मुळं जबड्यातून आरपार गेलेली असतील, गळू परत परत भरत असेल, महिन्यातले निम्मे दिवस सिरिंजवर जात असतील, तर वेदना न होता त्याला शांतपणे जाऊ देणं हाही वैद्यकीय निर्णय आहे आणि तो डॉक्टरच देऊ शकतात. ‘खात नाही, बघू काय होतं ते’ म्हणत आठ दिवस काढणं, याला मात्र कुठलंच नाव शोभत नाही.

बहुतेक घरांत गिनी पिग जोडीने असतात. एक आजारी पडला की दुसऱ्यालाही सोबत दवाखान्यात न्या. एकटा पडलेला रुग्ण खायला आणखी नाखूश असतो. दोघे एकाच वाटीत खातात, त्यामुळे संपलेली वाटी आणि पिंजऱ्यातल्या लेंड्या कुणाच्या हे कळत नाही. वजन दोघांचं वेगवेगळं लिहायला हवं. आणि दोघे एकाच वेतातले असतील तर दुसऱ्याच्याही दाढा त्याच फेरीत बघून घ्या. जबड्याची ठेवण घराण्यात उतरते, त्यामुळे अशा जोडीची पुढे पिल्लंही घेऊ नयेत.